जुन्या वर्तमानपत्रांतल्या लग्न-निधनाच्या बातम्या जपताना : कोल्हापुरातल्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

शिवाजी पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाच्या माळ्यावरचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे आजपासून आमच्याकडे आले. स्थानिक साप्ताहिकं आणि दैनिकं, संस्थानकाळाच्या अखेरीपासून साधारण १९७० पर्यंतची. सलग नाहीत, मधली वर्षंच्या वर्षं गायब आहेत. सगळं जपण्याइतके हात आणि पैसे नाहीत, म्हणून काम आधीच आखून घेतलं. ‘स्थानिक’ सदरातल्या घरगुती बातम्या तेवढ्या शोधायोग्य करायच्या : लग्न, मुंज, बारसं, मॅट्रिक पास, बदली, सत्कार, निधन, रक्षाविसर्जन.

एवढ्याच का, असं भाचा विचारत होता. कारण घराण्याची माहिती काढायला बसलं की बाकीच्या वाटा लवकर संपतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधीची नोंद गावागणिक वेगळी, कुठे आहे, कुठे नाही. आमच्या घरच्या हेळव्याच्या (घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्याच्या) वहीत बाप-लेक-नातू अशी वेल नीट मिळते, पण लेक कुठे दिली आणि सून कुठली आणली याचा पत्ता लागत नाही. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत या भागातल्या अनेक ब्राह्मण घरांची कागदपत्रं घरासकट गेली. पंचगंगेच्या पुरात भिजून गेलेल्या ट्रंका वेगळ्याच. अशा वेळी चार ओळींची लग्नाची बातमी हाच एकमेव छापील कागद उरलेला असतो.

एक नियम भिंतीवर लिहून लावला : कात्रण काढायचं नाही. लोकांच्या घरात कात्रणं असतात, देव्हाऱ्यातल्या पोथीत, पासबुकात. त्यांतल्या बहुतेकांवर ना तारीख ना पेपरचं नाव. कापताना माणूस आपल्या आजोबांची बातमी वाचवतो, आणि ती कुठली, कधीची हे सांगणारा कागद रद्दीत जातो. शिवाय मागच्या पानावर दुसऱ्या कुणाचे तरी आजोबा असतातच.

२६ जानेवारी

दोन आठवडे फक्त लावालावीत गेले. गठ्ठे सालवार बांधलेले दिसत होते, पण आत मिसळ आहे. वरचं पान फाटलेले अंक बरेच, म्हणजे नाव आणि तारीख दोन्ही नाहीत.

तारीख काढायला तीन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, आतल्या पानावरच्या बातम्या. एका बिनतारखेच्या अंकात कोल्हापूर संस्थान आजपासून मुंबई प्रांतात विलीन होत असल्याचा मजकूर होता, म्हणजे तो अंक १ मार्च १९४९ चा. दुसरी, वार. त्या दिवशी मंगळवार होता. आतल्या पानावरच्या सिनेमाच्या जाहिरातीत ‘आज मंगळवार’ होतं, जुळलं. तिसरी, तिथी आणि शक.

शकात मात्र सगळे फसतात, म्हणून सविस्तर लिहिते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण शक पाडव्याला बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. त्यामुळे जानेवारी ते पाडवा या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन शके १८७० ची लग्नाची बातमी ७८ मिळवून १९४८ मध्ये टाकली तर ती वर्षभर मागे जाते, आणि घरचे लोक म्हणतात, ‘१९४८ च्या पावसाळ्यात तर लग्न ठरलंही नव्हतं, मग हे कसं?’ आमच्या भागात लग्नाचा हंगाम पाडव्याच्या अलीकडे-पलीकडेच असतो, त्यामुळे ही गफलत नेमकी लग्नाच्याच नोंदींत जास्त होते. आता यादीत दोन रकाने आहेत. एकात छापलं आहे तसं, दुसऱ्यात आपण काढलेली तारीख. पहिल्या रकान्याला कुणी हात लावायचा नाही.

९ फेब्रुवारी

कागद उघडण्याचं काम. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन (लाकडाला घट्टपणा देणारा घटक) काढलेलं नसतं. ऊन आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, आम्लधर्मी होतो आणि तुकडे पडायला लागतात. त्यात हे अंक चौघडी घालून ठेवलेले. कोरड्या हातांनी घडी उघडली की घडीवरची ओळ तुटते, आणि आडव्या घडीवर पानाच्या मधला मजकूर येतो. पहिल्या गठ्ठ्यात अशा काही ओळी गेल्याच.

इस्त्री करून बघण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. करू नये. उष्णतेनं कागद आणखी ठिसूळ होतो. चाललं ते असं : झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, तळाला ओला करून पिळलेला टिपकागद, त्यावर प्लास्टिकची जाळी, आणि जाळीवर घडी केलेले अंक, पाण्याला न टेकता. झाकण लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी कागद इतका नरम होतो की घडी आपोआप सैल पडते. मग दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर सपाट वजन. छपाईची शाई तेलाची असल्यामुळे ओलीनं पसरत नाही, पण वाचनालयाचा जांभळा शिक्का आणि समासातली टाकाची शाई पसरते. शिक्का असलेलं पान डब्यात घालण्याआधी ओल्या कापसाचा बोळा कोपऱ्यात टेकवून बघायचा. रंग उतरला तर ते पान डब्यात घालायचं नाही.

एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहिलेल्या डब्यात बुरशीचे ठिपके दिसायला लागले होते.

चिकटपट्टी लावलेल्या पानांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पट्टी सुटते, डाग सुटत नाही. तूर्त ती पानं वेगळ्या पाकिटात.

२३ फेब्रुवारी

फोटो. सपाट स्कॅनरवर हे पान मावत नाही, आणि रोलरच्या स्कॅनरमधून असला कागद घालणं म्हणजे त्याचा चुरा करणं. म्हणून वरून फोटो काढायचे ठरलं.

सुरुवात मोबाईलनं केली. पडद्यावर पान सुरेख दिसायचं, पण मोठं करून बघितलं की जोडाक्षरं मिटलेली. हिशेब मांडल्यावर कारण कळलं. आमचं पान साधारण ५५ बाय ४० सेंटिमीटर. मोबाईलचा फोटो लांबीत ४००० ठिपक्यांचा. ५५ सेंटिमीटर म्हणजे साडेएकवीस इंच, म्हणजे इंचाला १८५ ठिपके. बारीक देवनागरी टायपाला इंचाला ३०० तरी हवेत, ४०० असले तर उत्तम. ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा हंगाम नसलेल्या दिवसांत मिळाला. त्यानं पूर्ण पान घेतलं तरी २५० च्या आसपासच येतात. म्हणून पान आडवं अर्धं करून दोन फोटो, मध्ये चार बोटं दोन्हींत येतील असे. आता ३२० च्या आसपास मिळतात. काम दुप्पट झालं, पण ‘घोरपडे’ आणि ‘घोटवडे’ यांतला फरक दिसायला लागला.

मांडणी : टेबलावर काळा कार्डपेपर, त्यावर पान, वर कडा घासून घेतलेली साधी काच. काळा कागद महत्त्वाचा, तो नसेल तर मागच्या पानाची छपाई पुढे उमटते. दोन एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. खिडकीला जाड चादर, नाहीतर काचेत खिडकी दिसते. कॅमेरा पानाला समांतर आहे की नाही हे बघायला गवंड्याची लेव्हल. काच, दिवे, कार्डपेपर आणि वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला स्टँड मिळून चार हजारांच्या आत काम झालं. सगळ्यात जास्त पैसे हार्ड डिस्कला गेले.

फाईलला नाव वर्ष-महिना-दिवस-पान-वर/खाली असं द्यायचं, आणि आकडे इंग्रजी. मूळ फोटोवर कुठलीही सफाई करायची नाही. उजळवणं, सरळ करणं, कापणं हे प्रतीवर.

१६ मार्च

संगणकाकडून वाचून घेण्याचा प्रयोग. टेसरॅक्ट या छापील अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचं मराठी मॉडेल फुकट मिळतं. पूर्ण पान दिलं तेव्हा एका निधनवार्तेच्या मधोमध गुळाचे भाव घुसले : मृताच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे आणि गुळाची आवक. रकान्यांमधली रेघ झिजलेली असल्यामुळे ते सरळ आडवं वाचत जातं. एकेक रकाना कापून दिल्यावर बरंच सुधारलं.

तरी खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईला मर्यादा आहेत. झिजलेल्या खिळ्यांची शिरोरेषा मधेमधे तुटते आणि एका शब्दाचे तीन होतात. गावांच्या नावांचे आपल्याकडचे संक्षेप तर त्याला अजिबात कळत नाहीत. ‘क॥ बावडा’ (कसबा बावडा) मधल्या दोन दंडांचे अकरा होतात, ‘मौ॥ सांगाव’ चं तेच.

दुसरी अडचण शोधताना येते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. त्याआधीचा मजकूर ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘गांवीं’, ‘कोल्हापुरांत’ असा अनुस्वारांनी भरलेला. ‘गावी’ शोधलं तर ‘गांवीं’ सापडत नाही. यावर भाच्यानं शोधासाठी एक वेगळा रकाना केला. त्यात सगळे अनुस्वार काढलेले आणि र्‍हस्व-दीर्घ एक केलेले. ‘शिंदे’ चं तिथे ‘शिदे’ होतं, ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ एकच होतात. तो रकाना दिसायला भयंकर आहे, पण वाचायला तो नाहीच. शोधणाऱ्याच्या शब्दावरही तीच क्रिया होते आणि दोन्ही जुळतात. ज्या दिवशी हे बसलं त्या दिवशी सापडणाऱ्या नोंदी एकदम वाढल्या.

नावं मात्र यंत्रावर सोडायची नाहीत असं ठरवलं. बातमीचा मजकूर यंत्रानं वाचलेला चालेल, नाव आणि गाव माणसानं टाईप करायचं.

१३ एप्रिल

फाटलेल्या कडा. पेठेतल्या बाईंडरमामांकडे पान घेऊन गेले. त्यांनी आधी समासातली जुनी चिकटपट्टी बघितली आणि म्हणाले, ‘ताई, ह्याला चिकटपट्टी लावलासा की कागद गेला म्हणून समजा. लॅमिनेशनचं तर नावच काढू नका.’ त्यांची स्वतःची रीत म्हणजे मैद्याची खळ, कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद. जाड पुठ्ठ्याच्या वह्यांना ती खळ वर्षानुवर्षं टिकते. पण मोरचूदात तांबं असतं आणि तांब्यामुळे कागद आणखी लवकर खराब होतो, म्हणून ती इथे नको होती. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग किड्याचं काय करणार?’ प्रश्न बरोबर होता. उत्तर एवढंच की खळ अगदी पातळ आणि नखाएवढ्या जागेलाच लावायची, आणि कागद कोरड्या जागी ठेवायचा.

खळीसाठी गव्हाचं निव्वळ सत्त्व लागतं. ते विकत आणायला निघाले तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘अगं, कुरडयांचा चीक काढलाय की, तेच नव्हे का?’ तेच. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून खाली बसतो तो पांढरा थर. कुरडयांसाठी त्यात मीठ-हिंग पडायच्या आधी वाटीभर बाजूला काढून घेतला. आंबलेलं पाणी आम्लधर्मी, म्हणून तो थर आणखी चार-पाच पाण्यांनी धुतला, दरवेळी खाली बसू दिला, मग सावलीत वाळवला. शिजवताना एक भाग सत्त्व, चार भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत अर्धपारदर्शक होईपर्यंत. थंड झाल्यावर बारीक कापडातून गाळून, लागेल तसं पाणी घालून सायीएवढी पातळ. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, नंतर वास यायला लागतो, मग फेकून द्यायची.

फाटलेली जागा सांधायला पातळ जपानी टिश्यू कागद बाहेरून मागवावा लागला, तावाला दोनशेच्या आसपास पडला. कात्रीनं कापायचा नाही. ओल्या ब्रशनं रेघ ओढून हातानं फाडायचा, म्हणजे कडेला तंतू राहतात आणि जोड दिसत नाही. मामांनी पहिली पट्टी लावली, मी नुसती बघत राहिले. फाटलेल्या ओळीतल्या ‘सौ. कां.’ वरून पट्टी गेली आणि अक्षरं आरपार वाचता येत होती. त्यांनी पान उजेडाला धरलं, मागून पुढून बघितलं आणि मजुरी घ्यायला नकार दिला.

सगळी पानं अशी सांधणं शक्य नाही. फोटो काढण्याइतकं पान एकसंध राहावं, एवढ्यापुरतीच दुरुस्ती करायची.

४ मे

आता खरं काम, यादी.

सुरुवातीचा आराखडा एका बातमीला एक ओळ असा होता : तारीख, पान, प्रकार, नाव. त्यात नाव म्हणजे पुरुषाचं नाव. बातम्याच तशा छापलेल्या आहेत. ‘अमुक यांच्या मातोश्रींचे निधन’, ‘पश्चात तीन मुलगे, दोन विवाहित मुली, सुना, नातवंडे’. बाईचं नावच नाही, किंवा नुसतं ‘गं. भा. अक्का’. या आराखड्यानं यादी केली असती तर हेळव्याच्या वहीत जे मिळतं तेच पुन्हा मिळालं असतं. पुरुषांची वेल तर आधीच ठाऊक असते. लोक येतात ते आजीचं माहेर शोधायला.

म्हणून आराखडा मोडला. आता एका बातमीत जितकी माणसं तितक्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत नातं. बाईसाठी चार रकाने : माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव. जे छापलेलं नाही ते रिकामं. अंदाजानं काहीही भरायचं नाही. निनावी बाईलाही ओळ आहे, ‘नाव नाही, अमुकची आई’ अशी. पुढे दुसऱ्या बातमीत नाव मिळालं की दोन ओळी जोडता येतात. वेळ तिप्पट लागतो. मला तो लावायचाच आहे.

लग्नाच्या बातम्या इथे सोन्यासारख्या आहेत, कारण माहेर आणि सासर एकाच वाक्यात येतात : अमक्याचे चिरंजीव, तमक्याची द्वितीय कन्या. लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदलायचं. दोन्ही नावं एकत्र छापलेली अशी जागा मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही.

राजारामपुरीतल्या एक आजी गेल्या आठवड्यात नातवाला घेऊन आल्या. त्यांच्या आई त्या लहान असतानाच गेल्या, माहेरचं कुणी नंतर आलं-गेलं नाही. घरात एवढंच माहीत की आई ‘बीडच्या पाटलांची’. नातू मराठवाड्यात बीडला चौकश्या करून थकला होता. आम्ही वडिलांच्या नावानं लग्नाची बातमी शोधली. तिसऱ्या पानाच्या तळाशी, खताच्या जाहिरातीला चिकटून, अंगठ्याएवढी. ‘क॥ बीड’. म्हणजे कसबा बीड, इथलंच, करवीर तालुक्यातलं. यंत्रानं ते ‘क ११ बीड’ वाचलं होतं. आजींनी भिंग घेऊन आईचं लग्नाआधीचं नाव दोनदा वाचलं आणि नातवाला म्हणाल्या, ‘अरे, हे तर आपल्या दूधवाल्याचं गाव.’ दुसऱ्या दिवशी दोघं तिकडे गेले. चुलत मामाचे नातू भेटले.

त्यानंतर गावांसाठी वेगळा तक्ता केला. क॥ म्हणजे कसबा, मौ॥ म्हणजे मौजे. क॥ ठाणे हे पन्हाळा तालुक्यातलं, मुंबईजवळचं नव्हे. नुसतं वडगाव असेल तर पेठ वडगाव की मौजे वडगाव हे बाकीच्या मजकुरावरून बघायचं, आणि सांगावाचंही कसबा-मौजे असंच. कळलं नाही तर दोन्ही शक्यता लिहून पुढे जायचं.

२५ मे

यंदा मे महिन्यातच पावसानं सुरुवात केली. आम्ही मृगापर्यंतचा वेळ धरला होता, तो बुडाला. हवा इतकी दमट की टिपकागदच ओले लागतात. कागद उघडणं आणि सांधणं आजपासून बंद.

दुधाळीकडच्या एका घरातून आलेला गठ्ठा तसाच राहिला. तो २०१९ च्या महापुरात भिजला आणि नंतर उन्हात वाळवला गेला. आता तो विटेसारखा झाला आहे. पानं ओढून सुटत नाहीत, फाटतात. ज्यांच्याकडे जुने कागद आहेत आणि घर पूररेषेत आहे त्यांना कळकळीनं सांगते : भिजलेला गठ्ठा उन्हात टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवसांच्या आत कुणाच्या तरी डीप फ्रीजरमध्ये ठेवा, आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्येही चालेल. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि पानं सावकाश, एकेक करून सोडवायला सवड मिळते. पावसाळ्याआधी गठ्ठे वरच्या मजल्यावर न्या, पण पत्र्याखालच्या माळ्यावर नको, आणि भिंतीला टेकवून नको.

१५ जून

बाहेर काय द्यायचं यावर बरीच चर्चा झाली. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचं नाव नसलेल्या मजकुराचा हक्क प्रकाशनानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं चालतो. ‘स्थानिक’ सदरात नाव नसतंच. म्हणजे यंदा, २०२५ साली, १९६४ अखेरपर्यंतचा असा मजकूर मोकळा आहे. त्यानंतरच्या अंकांची फक्त यादी देणार, पानाचा फोटो नाही.

कायद्यापलीकडचाही एक प्रश्न आहे. याच पानांवर ‘माझ्या मुलाशी माझा संबंध राहिलेला नाही’, ‘पत्नी घर सोडून गेली आहे’ अशा जाहीर नोटिसा आहेत. छापल्या तेव्हा त्या सगळ्यांनी वाचल्या, हे खरं. पण त्यातला मुलगा आज ऐंशी वर्षांचा असेल आणि याच शहरात असेल. अशा नोटिसांची ओळ यादीत आहे, पण ती उघडी ठेवलेली नाही. त्या घरचं कुणी आलं तर समोर बसवून दाखवायची. भाच्याचं म्हणणं सगळंच खुलं असावं. मला ते पटलं नाही, आणि ते माझ्या म्हणण्याप्रमाणे ठेवलं आहे.

जातीच्या दाखल्यासाठी जुनी नोंद शोधत येणारेही आता बरेच आहेत. त्यांना आधीच सांगतो : इथली बातमी वाट दाखवेल, गाव आणि पणजोबांचं नाव देईल. दाखल्यासाठी महसुली आणि शाळेच्या नोंदीच काढाव्या लागतील.

मूळ फोटोंच्या तीन प्रती झाल्या : एक आमच्याकडे, एक राजारामपुरीत, एक पुण्याला चुलत बहिणीकडे. तिन्ही पंचगंगेच्या काठावर राहू नयेत म्हणून. यादीची छापील प्रत वाचनालयात ठेवली आहे. ज्यांना पिवळी खूण केली आहे ते गठ्ठे उघडायचे राहिले आहेत, ते दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की. तोवर यादीतल्या रिकाम्या माहेरांवर काम चालू राहील. कुणाच्या घरी १९६० च्या आधीची लग्नपत्रिका असेल तर फोटो काढून आणा, मूळ पत्रिका आम्ही ठेवून घेत नाही. तिच्यातली मुलीकडची निमंत्रकांची नावं आम्हाला हवी आहेत.